जिनिंगमधला जिन, बाटलीतली जिन आणि बियाण्यातला जीन

राळेगावकडच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, हिशेब लिहिणारा माझा जुना विद्यार्थी विचारतो: "सर, शब्दकोशात 'जिन' काढलं तर पहिले दारू येते, मग सापळा, मग कुठं आपलं कापसाचं यंत्र. एका शब्दाचे एवढे अर्थ कसे? आमचे आबाजी म्हणतात, हे यंत्र एकटं शंभर बायांचं काम करते, जिन्नासारखं, म्हणून त्याला जिन म्हणतात. मालकाचा पोरगा म्हणते, इंग्रज साहेब जिन पीत पीत कारखाना चालवत, म्हणून. खरं कोणाचं?"

कोणाचंच नाही. कापूसपट्ट्यात इंग्रजी शिकवण्यात माझी उमर गेली, आणि हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी विचारतोच. आबाजींच्या जिन्नाकडे मी पुढे येतो, त्या वाटेवर एक गंमत आहे. आधी सरळ उत्तर घे. जिनिंगमधला 'जिन' म्हणजे 'इंजिन'. विहिरीवरचं ऑइल इंजिन असतं ना, तेच. पुढचं 'इं' गळालं आणि 'जिन' उरलं. बाटलीतली जिन एका झुडपाच्या नावातून निघाली. या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. इंग्रजीत दोन्ही जी-आय-एन असे लिहितात, इतकंच.

तुझा प्रश्न "एका शब्दाचे एवढे अर्थ कसे" असा आहे. तो मुळात "एका स्पेलिंगचे एवढे शब्द कसे" असा हवा होता. शब्दकोश पुन्हा उघड. 'जिन'च्या डोक्यावर बारीक आकडा दिसेल, १. थोडं खाली तोच शब्द पुन्हा, डोक्यावर २. मुलं हा आकडा वाचतच नाहीत, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. डोक्यावरचा आकडा बदलला की शब्दच वेगळा, त्याचं कूळ वेगळं. एकाच आकड्याखाली ओळीत १, २, ३ असे जे अर्थ दिलेले असतात ते मात्र एकाच शब्दाचे, एकातून दुसरा फुटलेले. लग्नातला 'वर' आणि माडीवरचा 'वर' आपण सारखेच लिहितो; पण नवरदेवाचा 'वर' संस्कृतातला आणि माडीवरचा 'उपरि'चा झिजून झालेला. एकाच आडनावाची दोन घरं गावात असली म्हणून ती भाऊबंद असतातच असं नाही, तसं हे. आता तुझ्या कोशात दारू पहिली का? ती रोजच्या वापरात जास्त म्हणून. ज्येष्ठतेनं लावायचं तर यंत्राला पहिला मान मिळाला असता, कारण तो शब्द दारूच्या आधी कितीतरी शतकं इंग्रजीत आहे.

लॅटिनमध्ये 'इंगेनिउम' म्हणजे माणसात जन्मतः असलेली बुद्धी, उपजत अक्कल. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं झालं 'आंजँ'. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं राजदरबारात, कोर्टात फ्रेंच चालली. त्या लाटेत हा शब्द इंग्रजीत आला, एकदा पुरा 'इंजिन' म्हणून आणि एकदा शेंडी कापलेला 'जिन' म्हणून. अर्थही हळूहळू सरकत गेला. आधी अक्कल, मग अकलेनं काढलेली युक्ती, मग युक्तीनं केलेली वस्तू, आणि शेवटी यंत्र. हे आपल्याला परकं नाही. मराठीत 'कला' ची 'कळ' झाली ती अशीच. कला म्हणजे कौशल्य, आणि आपण दाबतो ती कळ म्हणजे यंत्राचा खटका. कळीचा मुद्दा म्हणतो तेव्हाही हाच खटका मनात असतो.

मध्ययुगात 'इंजिन' म्हटलं की लढाईतलं यंत्र डोळ्यापुढे यायचं, तटबंदीवर धोंडे फेकणारं. असलं यंत्र बांधणारा तो इंजिनिअर. रस्ते-पूल बांधणारा इंजिनिअर फार नंतरचा, म्हणून तर त्याला वेगळं 'सिव्हिल' म्हणावं लागलं. या यंत्रवाल्यांचं इंग्लंडात एक आडनावही पडलं, जेन्नर. १७९६ मध्ये देवीची लस टोचून पाहणारा एडवर्ड जेन्नर त्याच आडनावाचा. म्हणजे त्या डॉक्टरचं आडनाव आणि तुझ्या कारखान्यातलं यंत्र एका घरचे. वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

आता सापळ्याकडे. तो याच शब्दाचा अर्थ, वेगळा शब्द नव्हे. युक्तीनं केलेली वस्तू म्हणजे जनावर अडकवायचा फास, असा तो अर्थ फुटला. १६११ च्या इंग्रजी बायबलात, ईयोबाच्या पुस्तकात, दुष्ट माणसाची टाच 'जिन' पकडेल असं वाक्य आहे. पहिल्यांदा वाचणारा आपला मुलगा तिथं कापसाचं यंत्र किंवा बाटली शोधत बसतो! तिथं अर्थ फासा. आपल्याकडे अकोला, अमरावती, यवतमाळ या भागांत फासेपारधी समाज आहे, त्याच्या नावातच फासा आहे. तितर-बटेर धरायचा दोऱ्याचा तो फासा म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'जिन' बरोबर. पुढं इंग्लंडात दातेरी लोखंडी जबड्याच्या सापळ्याला 'जिन ट्रॅप' म्हणू लागले. पाय पडला की जबडा मिटतो आणि हाड मोडतं. फार क्रूर वस्तू. इंग्लंड-वेल्समध्ये तिच्यावर १९५८ पासून बंदी आहे. आपल्याकडे वन्यजीवांना सापळा लावणं १९७२ च्या कायद्यानंच गुन्हा आहे, तरी ताडोबा-मेळघाटाच्या अंगानं वाघाच्या शिकारीत लोखंडी जबडे सापडलेच.

याच शब्दाचा आणखी एक फाटा ओझं उचलण्याचा. तीन खांबांची तिकटी, वर कप्पी, दोर टाकून वजन वर घ्यायचं, तोही 'जिन'. कोळशाच्या जुन्या खाणींत घोडा गोल फिरवून दोर गुंडाळत, त्याला 'हॉर्स जिन' म्हणत. वणी-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातल्या मुलांनी इंग्लंडच्या खाणींचा इतिहास वाचायला घेतला तर हा शब्द भेटेल. त्याच्यावर याहून वेळ घालवायचं कारण नाही.

कापसाचा जिन इथं येतो. १७९३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एली व्हिटनी या तरुणानं सरकी काढायचं यंत्र केलं, आणि १७९४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. लोक समजतात त्यानं 'जिन' हे नाव शोधून काढलं. त्याची गरजच नव्हती. त्या काळी 'जिन' म्हणजे कुठलंही यंत्र. 'कॉटन जिन' म्हणजे कापसाचं यंत्र, बस. पुढं त्या शब्दाचे बाकीचे अर्थ मागे पडत गेले आणि कापसानं तो जवळपास खाऊन टाकला.

व्हिटनीच्या यंत्राची करामत समजून घे, कारण शब्द जगभर पसरला तो तिच्या जोरावर. तिकडच्या आतल्या भागात पिकायचा तो आखूड धाग्याचा, हिरवट सरकीचा कापूस. त्याची रुई सरकीला अशी घट्ट चिकटलेली की दोन रुळांत दाबून ती सुटत नसे, हातानंच उपटावी लागे. व्हिटनीनं लाकडी रुळावर तारेचे दात बसवले. दात फटीतून आत जाऊन रुई ओढून आणायचे, सरकी फटीपेक्षा मोठी म्हणून मागे राहायची, आणि मागचा ब्रश दातांवरची रुई झाडून घ्यायचा. काम सोपं झालं म्हणजे माणसांचे कष्ट कमी झाले असं वाटेल. झालं उलट. सरकी काढणं स्वस्त झालं तसा कापूस जास्त लावला, आणि लावायला-वेचायला गुलाम जास्त लागले. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० पर्यंत ते जवळपास ४० लाख झाले. यंत्रानं काम वाचतं असं सरसकट म्हणणाऱ्याला मी नेहमी हे दोन आकडे सांगतो.

आणि याच गोष्टीचं टोक आपल्या वऱ्हाडात येऊन पोचतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मुळात गुलामगिरीवरूनच. दक्षिणेचा कापूस अडकला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या उपाशी बसल्या, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर खिळली. वऱ्हाडाचा कारभार त्यांनी १८५३ मध्येच निजामाकडून आपल्याकडे घेतला होता. आता कापसासाठी खास आयुक्त नेमला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आणली, आणि रेल्वेच्या मागोमाग खामगाव, अमरावती, हिंगणघाट अशा बाजारपेठांत वाफेवरचे जिन आणि गाठी बांधायचे प्रेस उभे राहिले. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली ती याच कापसाच्या भरवशावर. 'जिन' आणि 'प्रेस' हे दोन शब्द आपल्या बोलीत शिरले ते या काळात, आणि असे शिरले की निरक्षर माणसालाही ते इंग्रजी वाटत नाहीत.

त्याआधी काय म्हणत? कापूस रेचणे म्हणत. रेचणे म्हणजे सरकी वेगळी करणे, आणि त्याची मजुरी ती रेचाई. घरोघरी हाताची चरखी असायची, एकमेकांना लागून उलटे फिरणारे दोन रूळ. बाई एका हातानं दांडा फिरवायची, दुसऱ्या हातानं कापूस भरवायची; रुई पलीकडे निघून जायची आणि सरकी अलीकडे पडायची. जुन्या कागदांत आणि काही म्हाताऱ्यांच्या तोंडी 'रेचाई' अजून सापडते. तुझ्या आबाजींना एकदा विचारून पाहा.

इथं एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्या जिनात व्हिटनीचं यंत्र नाही. तू रोज बघतोस ते डबल रोलर, डी.आर. म्हणतात ते. आता हिशेबाच्या टेबलावरून उठ आणि यंत्राजवळ उभा राहून बघ. कापूस वरून पडतो तो फिरत्या रुळावर. रूळ गुळगुळीत नसतो. त्याला खाचा पाडलेल्या असतात, रुई धरायला. रुळाला घासून एक स्थिर सुरी बसवलेली असते. रुळानं धरलेली रुई त्या सुरीखालून ओढली जाते, पण सरकी तिथं अडते, कारण फट तिच्या मापाची नाही. अडलेल्या सरकीला हलती सुरी खालून-वरून ठोकत राहते. तो जो खटखट आवाज दिवसभर तुझ्या डोक्यात बसतो तो तिचा. ठोका बसला की सरकी सुटते आणि जाळीतून खाली पडते. पूर्वी हे रूळ क्रोम चामड्याच्या चकत्यांचे असत; चामडं झिजून त्याची भुकटी रुईत जायची, म्हणून आता रबराचे आले. १८४० मध्ये अमेरिकेत मॅकार्थी नावाच्या माणसानं रूळ आणि सुरीची ही जोडी बसवली, आपलं डी.आर. त्याच वळणाचं. पण रुई रुळानं ओढायची, सरकी मागे ठेवायची ही मूळ युक्ती आपल्या घरातल्या चरखीची. थोडक्यात, व्हिटनीकडून आपण फक्त शब्द घेतला.

आणि घेतलेल्या शब्दाचं आपण काय केलं ते बघ. इंग्रजीत 'जिनिंग' ही क्रिया. आपण तिची इमारत केली. "गाडी जिनिंगवर लागली." "जिनिंगच्या मागं घर आहे त्याचं." आठवडी बाजारात हमखास ऐकू येईल:

"कापूस जिनात टाकला का बे?"

"हाव ना. पण भाव पाहून जीव जळला लेका. ओला म्हणून काटले पैसे."

इंग्रजीच्या मास्तरांना हे चूक वाटतं. मला नाही वाटत. अमेरिकेतला शेतकरीही यंत्राचं नाव जागेला देऊन "कापूस जिनला नेला" असंच म्हणतो. व्यवहारात शब्द असाच चालतो. तुझ्या वहीत त्याचे तीन अवतार रोज येतात. एक क्विंटल कापूस 'जिन' केला, हे क्रियापद. त्यातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघाली, हा जिनिंगचा उतारा. बाकीची सरकी तेलाला आणि ढेपेला गेली. आणि सुमारे पाच क्विंटल कापसात १७० किलोची एक गाठ प्रेस झाली. शेतकऱ्यानं "किती बसला उतारा?" म्हणून विचारलं तर त्याला या एका शब्दाच्या भोवतीचं सगळं माहीत असतं, स्पेलिंग सोडून.

आता बाटली. हॉलंडमध्ये धान्याच्या दारूत जुनिपर नावाच्या झुडपाची फळं टाकून ती गाळत. आधी औषध म्हणून. या फळाला आपल्या आयुर्वेदात हपुषा म्हणतात; हिमालयात होते, आणि वाळलेली फळं काष्ठौषधीच्या दुकानात 'हाऊबेर' म्हणून मिळतात. झुडपाचं लॅटिन नाव 'युनिपेरुस', जुन्या फ्रेंचात 'जनेव्र', डच लोकांच्या तोंडी 'येनेव्हर'. १६८९ मध्ये हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला, फ्रेंच ब्रँडीवर बंधनं आली, आणि या डच दारूला लंडनमध्ये मोकळं रान मिळालं. इंग्रजांनी तिचं नाव 'जिनिव्हा' करून टाकलं, स्वित्झर्लंडच्या त्या शहराशी काही देणंघेणं नसताना! ऐकायला ओळखीचं वाटलं की लोक शब्दाला आपल्या माहितीतल्या नावाचे कपडे चढवतात, हे सगळ्याच भाषांत चालतं. मग 'जिनिव्हा' लांब वाटलं म्हणून 'जिन'. १७१४ पासून ते छापील मजकुरात दिसू लागतं. पुढं लंडनमधल्या गरीब वस्त्यांत या स्वस्त दारूनं असा धुमाकूळ घातला की १७३६ आणि १७५१ मध्ये तिला आवरायला पार्लमेंटला कायदे करावे लागले.

तेव्हा मालकाच्या मुलाला सांग: यंत्राचा 'जिन' तेराव्या शतकात इंग्रजीत होता, दारूची 'जिन' अठराव्या शतकात आली. पाचशे वर्षांनी जन्मलेलीच्या नावावरून आधीच्याचं नाव कसं पडेल? तारखा लावून बघणं हे शब्दाच्या गोष्टी तपासायचं सगळ्यात स्वस्त हत्यार. दहातल्या सात दंतकथा तिथंच पडतात.

जाता जाता, आपल्या वर्धा जिल्ह्यात गांधी-विनोबांच्या नावानं दारूबंदी आहे. हिंगणघाटापासून आर्वीपर्यंत जिन चिक्कार, पण सगळे कापसाचे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला पाटी वाचून उगाच हुरूप येतो.

आबाजींच्या जिन्नाचं काय? अरबीतला 'जिन्न' ज-न-न या धातूपासून आला. त्याचा अर्थ झाकणे, लपवणे. डोळ्यांना न दिसणारा तो जिन्न. झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत. आणि जिन्नानं झपाटलेला तो मजनून, आपला मजनू. या घराण्याचा लॅटिन 'इंगेनिउम'शी रक्ताचा संबंध नाही, म्हणून आबाजींचा तर्क बाद.

पण इंग्रजीतला दिव्यातला 'जिनी' आहे ना, तो वेगळ्याच वाटेनं आला. अरबी कथांचं फ्रेंच भाषांतर १७०४ पासून छापून येऊ लागलं. भाषांतरकारापुढे 'जिन्नी' हा शब्द आला. फ्रेंचात आधीच 'जेनी' हा शब्द होता, माणसाचा रक्षक आत्मा या अर्थाचा. उच्चार जवळचा, अर्थही बसतो, त्यानं तोच ठेवून दिला. हा 'जेनी' लॅटिन 'गेनिउस'वरून, म्हणजे जन्मासोबत येणारा राखणदार देव. आणि 'इंगेनिउम' म्हणजे जन्मासोबत येणारी बुद्धी. दोन्हींत तेच 'गेन', जन्म देणं. म्हणजे अरबी जिन्न तुझ्या यंत्राचा कोणी नाही, पण त्याच्या जागी बसवलेला इंग्रजी 'जिनी' यंत्राचा चुलतभाऊ निघाला. आबाजी पूर्ण हरले असं मी तरी म्हणणार नाही.

हा 'गेन' धातू धरून ठेव, कारण खरा मासा इथं आहे. संस्कृतातला 'जन्' आणि लॅटिन-ग्रीकमधला 'गेन' हे एकाच मूळ धातूचे. आपले जन्म, जनक, जाती, प्रजा हे सगळे त्याच्यातून. इंग्रजीच्या स्वतःच्या बोलीत 'ग' चा 'क' झाला, म्हणून नातेवाईक या अर्थाचा त्यांचा 'किन'ही यातलाच. १९०९ मध्ये विल्हेल्म योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञानं आनुवंशिकतेच्या घटकाला नाव दिलं ते या ग्रीक धातूवरून, 'जीन'. मराठीत आपण त्याला जनुक म्हटलं. परिभाषा करणाऱ्यांनी 'जन्' वापरला आणि तो नेमका सख्ख्या भावावर बसला. मराठी परिभाषेला नावं ठेवणाऱ्यांपैकी मीही आहे, पण जनुक हा शब्द मला मनापासून आवडतो.

आता शेतात ये. २००२ मध्ये आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचा एक जीन सरकीत घातला, म्हणजे बोंडअळीनं पान-बोंड खाल्लं की ती मरावी. गुलाबी बोंडअळीनं पुढं त्यालाही दाद दिली नाही, ते दुखणं वेगळं. तर बियाण्यात जीन, वेचून झाल्यावर जिन, आणि विणून झाल्यावर जीनची पँट. एकाच पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाटेवर तीन शब्द. पहिले दोन दिसायला वेगळे, इंग्रजीत स्पेलिंगही वेगळं, तरी एका आजीचे नातू.

तिसरा मात्र बाहेरचा. इटलीतल्या जेनोवा बंदराला फ्रेंच लोक 'जेन' म्हणतात. तिथून येणाऱ्या जाड्याभरड्या कापडाला इंग्लंडात सोळाव्या शतकापासून 'जीन' हे नाव पडलं. आपल्या आधीच्या पिढीला शाळेच्या खाकी चड्डीचं 'जीन' आठवत असेल, ते हेच. डेनिमही असंच गावाचं नाव, फ्रान्समधल्या 'नीम' शहराचं, 'द नीम' म्हणजे नीमचं. यवतमाळजवळ लोहाऱ्याला डेनिमचा कारखाना आहे. पाहायची संधी मिळाली तर सोडू नकोस. कापूस ते पँट हा सगळा प्रवास एका जिल्ह्यात उभ्या उभ्या दिसतो. विद्यार्थी जिनिव्हा आणि जेनोवा यांत हमखास गोंधळ करतात. एक स्वित्झर्लंडचं, एक इटलीचं. दारू यांतल्या कुठल्याही शहराची नाही, कापड दुसऱ्याचं.

आपल्या भाषेतले जिन तर आणखी वेगळे. संस्कृत 'जिन' म्हणजे जिंकणारा, विकार जिंकलेला, 'जि' धातूपासून, त्यावरून जैन. वाशीम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहे, कारंजा लाड तर जैन ग्रंथभांडारांसाठी अभ्यासकांत प्रसिद्ध. कारंजा कापसाचीही मोठी पेठ, त्यामुळे तिथं जिनमंदिर आणि जिन फॅक्टरी एकाच गावात नांदतात आणि कोणाचाही घोटाळा होत नाही. घोड्याचं खोगीर ते फारसी 'जीन', ते करणारे जीनगर. माडीवर जायचा जिनाही फारसीच. यांचा इंग्रजीशी संबंध जोडणारा व्हॉट्सअ‍ॅपवर भेटलाच तर वाद घालू नकोस.

राहिलेलं किरकोळ. 'जिन रमी' हा पत्त्यांचा खेळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत निघाला. रमीत 'रम' ऐकू येते म्हणून जोडीला 'जिन' ठेवलं असं मानतात. जुन्या इंग्रजी कवितेत 'गिन' असं क्रियापद भेटेल, तेही जी-आय-एन, पण उच्चार ग चा. ते 'बिगिन'चं डोकं कापलेलं रूप, अर्थ सुरू होणे. ऑस्ट्रेलियात याच स्पेलिंगचा आणखी एक वेगळा शब्द, उच्चार ज चा, तिथल्या मूळ रहिवासी स्त्रियांसाठी वापरत, एका स्थानिक भाषेतून उचललेला. ती आज शिवी समजली जाते, तेव्हा जुन्या पुस्तकात दिसला तर अर्थ कळू दे, तोंडात नको. आणि इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं सोडवताना 'सापळा, तीन अक्षरं' असं आलं, तर बेलाशक जी-आय-एन भर.